आपला नंबर

शुक्रवारी संध्याकाळी आई अंगणात वेदीवरचं कापड पिळत होती. रविवारी आमच्या चर्चमध्ये मिस्सेची उपासना होती, म्हणजे फादर येणार होते.

गेल्या वर्षी नागपूरच्या या बाजूची तीन लहान चर्चं एका गटात आली. तिन्हींत मिळून फादर एक, पेटी वाजवणारा एक, आणि शनिवार-रविवार वाटून घेतलेले. बिशपांकडून आलेल्या पत्रकात याला ‘एकत्र वाटचाल’ म्हटलं होतं. चर्चमध्ये सूचना वाचणाऱ्या मनोहररावांनी पहिल्यांदा, “येत्या रविवारी आपल्या चर्चची पाळी आहे,” असं जाहीर केलं, तेव्हा बायकांच्या बाकांवर जे हसू फुटलं ते आवरेना. तेव्हापासून सगळे ‘नंबर’ म्हणू लागले.

“लागली का वं आपल्या चर्चले पाळी?” समोरच्या जयामावशीने कुंपणावरून विचारलं. “अजून लागून राहिली म्हणजे तरुणच हाय म्हणा.”

“नंबर म्हण. पोरगी ऐकून राहिली.”

“पोरगी चाळिशीची झाली.”

“तरी पोरगीच हाय.”

मी पायरीवर चहा पीत होते. या गटाबद्दल मला जे वाटे ते मी घरात कधी बोलत नसे. आईला चर्चबद्दल एकच काळजी होती, आणि ती स्वतःच्या मरणाची होती. माणूस मरणाच्या दारात असला की फादर त्याच्या कपाळाला आणि तळहातांना पवित्र तेल लावतात. ते जिवंत माणसालाच लावता येतं. बाबा रस्त्यावर गेले, तेलाविना. “मले तसं नोको जाऊ देऊ,” एवढंच आई माझ्याकडे मागायची. अधूनमधून, भाजी निवडताना वगैरे.

शनिवारी मी ऑफिसला गेले. दुपारी मावशीचा फोन आला की आईच्या छातीत दुखतंय, डॉक्टरांना निरोप गेलाय. मी टॅक्सीतून आधी फादरना फोन लावला. त्यांनी तो उचलला तेव्हा मी घराजवळ आले होते. निघालोच, म्हणाले. ऑफिस मिहानला, घर नंदनवनात, म्हणजे अख्खं शहर ओलांडायचं. मी पोचले तेव्हा आई खाटेवर होती आणि तिचा हात मावशीच्या दोन्ही हातांत होता. आईकडे एकदा पाहिलं आणि मला कळलं.

“बसल्या बसल्या घाम फुटला,” मावशी सांगू लागली. “मले म्हणे, फादरचा नंबर. मी म्हटलं, आज नाही वं, आज तिकडचा नंबर हाय, आपला उद्या. पुन्हा म्हणे, नंबर. मी म्हटलं, उद्या, मार्था, उद्या. मग ती काही बोलली नाही, नुसती पाहून राहिली माझ्याकडे. म्हणून तुले फोन केला.”

आपण काय सांगतोय हे तिला कळलेलं नव्हतं. मी आईचे पाय नीट केले.

फादर अन्सेल्म हेल्मेट हातात घेऊनच आत आले. ते झारखंडचे, माझ्याच वयाचे. त्यांचं मराठी आईने सुधारलेलं, पहिल्या वर्षी तर बायबलचं प्रत्येक वाचन आधी तिच्यापुढे म्हणून दाखवायचे. त्यांनी खिशातून छोटी बाटली काढली, आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि थांबले.

“डॉक्टर?”

“येतायत.”

“ताई, जरा जरी शंका असली तरी परवानगी आहे. आधी ‘जिवंत असशील तर’ म्हणायचं, आणि तेल लावायचं.”

“हात गरम हाय, फादर,” मावशी घाईने म्हणाली. “हे पाहा, गरम हाय.”

हात गरमच होता. मावशीने तो इतका वेळ धरून ठेवला होता.

“तुम्ही सांगा, ताई.”

अशा वेळी खोटं बोलणारी माणसं मी पुस्तकांत पुष्कळ वाचली आहेत, आणि वाचताना ती मला नेहमी बरोबरच वाटली आहेत. पण आईला असलं तेल चाललं नसतं.

“नाही, फादर. मी आले तेव्हाच गेली होती.”

त्यांनी बाटली परत खिशात ठेवली. “तुमचा फोन आला तेव्हा विधी चालू होता, पण त्याआधी मी रिकामाच बसलो होतो,” ते म्हणाले. “लग्न होतं, नवरदेवाची गाडी आली नव्हती. दहा मिनिटांचा रस्ता. मला आधी कोणी फोन का नाही केला?”

मावशीने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. हळूहळू तिच्या हातातून आईचा हात सुटला. तिने पदर तोंडात धरला.

“घाईत कोणाला सुचलं नाही,” मी म्हणाले.

फादरनी मृतांसाठीची प्रार्थना म्हटली. आमेन त्यांचं त्यांनीच म्हटलं. मग खुर्चीवर टेकून ते हलक्या आवाजात बोलू लागले. उद्या मिस्सा इथेच आहे, त्यातच मार्थाबाईंचा विधी करू. थोडं लवकर सुरू करावं लागेल, पुढे दुसरीकडे जायचंय. तिन्ही ठिकाणच्या लोकांना कळवतो. आपलं चर्च उद्या भरलेलं दिसलं पाहिजे.

“फादर,” मी म्हणाले, “आमचं चर्च बंद झालंय. ते पत्रक आलं त्याच दिवशी झालं. आता तसं सांगून टाका सगळ्यांना. आई ऐकेल म्हणून मी इतके दिवस बोलले नाही.”