डफाच्या पुढे

हिर्डोशीच्या चढणीवर सावळारामने तिसऱ्यांदा खिशात हात घालून माफीनामा आहे की नाही ते चाचपून पाहिले. होता. असणारच. स्वतःच खिळे जुळवून, स्वतःच्या छापखान्यात छापलेला कागद जाणार कुठे? वाटेत पडला असता तर बरे झाले असते, असे त्याच्या मनात आले आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

पुढे डफ काखोटीला मारून तालुक्याचा दवंडीवाला कोंडिबा चालला होता. मागे चिमाजी सावकाराचा कारकून कुंडलिक धापा टाकत येत होता.

"अहो संपादक, जरा दमानं. माफी मागायची येवढी घाई?"

सावळारामने पाऊल उचलले. न बोललेले बरे. बोलून तर ही वेळ आली होती.

दोन महिन्यांपूर्वी त्याने आपल्या साप्ताहिकात चार ओळी छापल्या होत्या. हिर्डोशीच्या ठकुबाईचे गहाण घर सावकाराने लिलावात स्वतःच पडत्या भावाने घेतले, कारण लिलावाची दवंडी गावात पिटलीच नाही. दवंडी घराच्या दारातच झाली पाहिजे, नाहीतर लिलाव टिकत नाही. सावकाराने अब्रूनुकसानीचा दावा ठोकला. लिलावाच्या कागदावर तर कोंडिबाचा अंगठा होता: दारात उभे राहून डफ वाजवला म्हणून. सावळारामच्या बाजूने पुरावा काय, तर एकट्या ठकुबाईचा शब्द. वकिलाने सरळ सांगितले, माफी माग, नाहीतर छापखान्याला टाळे लागेल आणि तू आत जाशील. सावळारामने मान तुकवली.

पण सावकार पक्का. नुसती छापील माफी त्याला पुरेना. हिर्डोशीत वाचतो कोण? माफी ठकुबाईच्याच दारात, डफ वाजवून, पंचांसमक्ष वाचायची आणि त्याचा पंचनामा करायचा. सोमवारी ठकुबाईचा लिलाव रद्द करण्याचा अर्ज कोर्टात निघणार होता. बातमी खोटी होती असे खुद्द छापणाराच गावात सांगून गेला, की त्या अर्जात उरले काय?

देवळापाशी गेनबा पाटील, पंच आणि निम्मा गाव जमला होता. ठकुबाई खांबाला टेकून उभी होती.

"आलात व्हय? तुमीच लिवलंत, आन् तुमीच पुसायला आलात."

"माझा नाइलाज झाला, ठकुबाई."

"व्हय. नाइलाज तुमचा, आन् घर माझं."

सावळारामला तिच्याकडे बघवेना. तो पायातल्या वहाणेचा अंगठा उगाच सारखा करत राहिला. आजवर ती त्याला भोरच्या बाजारातच भेटलेली. तिचे घरही त्याने पाहिले नव्हते.

"चला," पाटील म्हणाले. "डफ पुढं, मानसं मागं."

ती गावाची रीतच होती. डफाच्या पुढे कोणी पाऊल टाकायचे नाही, वाजत्या डफाला कोणी थांबवायचे नाही. कोंडिबाने टिपरी उचलली आणि निघाला. माणसे मागे, आणि सगळ्यांच्या मागे दमलेला कुंडलिक.

चिंचेपाशी वाट फुटत होती. कोंडिबा क्षणभर अडखळला, मग खाली नदीकडे वळला. बायकांनी एकमेकींकडे पाहिले. पाटलांच्या भुवया वर गेल्या. मागून कुंडलिक हात हलवून काहीतरी ओरडत होता. डफापुढे त्याचे कोण ऐकणार?

एका सारवलेल्या ओट्यासमोर कोंडिबा थांबला.

"ऐका हो ऐका! ठकुबाईच्या ह्या घराची लिलावाची दवंडी ह्याच दारात झाली असताना..."

आतून एक बाई नाचणीच्या पिठाचे हात घेऊनच बाहेर आली.

"ठकुबाईचं? आरं, ह्ये माझं घर. धोंडाबाईचं."

डफ थांबला. गर्दीत कोणीतरी खुदकन हसले.

"कोंडिबा," पाटलांनी हळूच विचारले, "मागल्या खेपंला कुठं वाजवलास रं?"

कोंडिबाने डफ पाठीमागे घेतला. कुंडलिक गर्दीतून वाट काढत पुढे आला.

"चुकला बिचारा. हे काय पंचनाम्यात घ्यायचं कारण न्हाई."

"कारकून, पंचनामा तुमीच मागितला नव्हं?" पाटील ओट्यावर ऐसपैस बसले. "मग लिवा. डफ कुठं थांबला, कोण काय म्हनलं, समदं लिवा. आमी सह्या करतो."

कुंडलिकने दौत काढली. ती उघडायला त्याला फार वेळ लागला.

सावळारामचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि तसाच खाली आला. माफी वाचायची होती ठकुबाईच्या दारात. हे दार तिचे नव्हते.

ठकुबाईने पदर खोचला. ती माणसांतून वाट काढत पुढे आली, कोंडिबाच्याही पुढे, आणि वरच्या आळीच्या वाटेला लागली.

"या," ती मागे न बघता म्हणाली. "दावते माझं घर."

तिला कोणी अडवले नाही. डफ न वाजता तिच्या मागून चालू लागला.