सोनलचा हिरवा चुडा

"हात सैल सोड गं. नवरी हायस का पैलवान?"

जहाँआरानं सोनलच्या अंगठ्याखालचं हाड हलकेच दाबलं आणि मापाची बांगडी मनगटावर उतरवली. लग्न चार दिवसांवर आलं होतं. पिंपळवंडीच्या या घरात जहाँआरा पहिल्यांदा आली ती आपल्या सासूच्या मागं, बांगड्यांची टोपली घेऊन, तेव्हा सोनलची आई साळुबाई नवी सून होती. पुढं साळुबाईच्या डोहाळजेवणाच्या बांगड्या तिनंच भरल्या, बारशाला सोनलच्या मनगटात काळे मणीही तिनंच बांधले. आता या पोरीचा लग्नचुडा दुसऱ्या कुणी भरावा, हे तिच्या स्वप्नातही आलं नसतं.

आज मात्र चहा आला नव्हता. साळुबाई दाराला टेकून उभी होती आणि जहाँआरानं वर पाहिलं की नजर चुकवत होती. तेवढ्यात सोनलचा बाप सुभाष बाहेरून आला. त्यानं मोबाइल जहाँआरापुढं धरला.

"भाभी, जरा बघा. ही तुमची उजमाच ना?"

उजमाच होती. इंग्लंडात नर्स असलेली तिची एकुलती एक लेक. लंडनला आपल्या देशाच्या कचेरीसमोर तिकडं राहणारी आपली माणसं हातात मेणबत्त्या घेऊन गप्प उभी होती. ना घोषणा, ना आरडाओरडा. बाकीच्यांचे फलक इंग्रजीत होते. उजमाच्या हातातला तेवढा मराठीत होता, 'नोटीस दिल्याशिवाय सरकारने कुणाचं घर पाडू नये.' ओतूरच्या शाळेत फळ्यावरचा सुविचार तीच लिहायची, इतकं तिचं अक्षर देखणं. तिनं इंग्रजीत लिहिलं असतं तर पिंपळवंडीत कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. आपल्या भाषेत लिहिलं, म्हणून ते आपल्या माणसांनी वाचलं. फोटोखाली कुणीतरी टाकलं होतं, 'हितलं मीठ खाऊन तिकडं देशाची बदनामी.'

"तीच हाय," जहाँआरा म्हणाली. "पण भाऊ, यात वाईट काय लिव्हलंय?"

"मला काय न्हाई वाटत. पण गावाचं तोंड कोण धरणार? पोरं म्हणत्यात, हिच्या आईला मांडवात घेतलं तर आमच्यातला एकजणबी कामाला येणार न्हाई. लग्नघर हाय भाभी, मी कुणाकुणाशी भांडू?"

सुभाष वाईट माणूस नव्हता, हीच तर पंचाईत होती. वाईट असता तर चार शब्द सुनावून ती निघून आली असती.

"उजमाला दोन शब्द बोलाय सांगा," तो म्हणाला. "व्हिडिओ करून टाकावा, चुकलं म्हणावं. मिटलं. मग तुमीच या चुडा भराय."

सोनलचा हात अजून जहाँआराच्या हातातच होता. पोरगी कळवळून म्हणाली, "भाभी, तुमीच या. दुसऱ्या कुणाकडून मी न्हाई भरून घ्यायची."

या शब्दांनीच जहाँआरा भुलली.

या भागात भांडण कसं मिटतं, ते तिला पुरतं ठाऊक होतं. तिचा नवरा इब्राहिम जिवंत असताना एकदा जत्रेत बांगड्यांचं पाल ठोकायच्या जागेवरून हमरीतुमरी झाली होती. दुसऱ्या दिवशी इब्राहिमनं पारावर चारचौघांत 'चुकलं' म्हटलं, समोरच्यानं त्याच्या तोंडात साखर घातली आणि तिथं विषय संपला. खरं कोण चुकलं होतं, हे कुणी विचारलं नाही आणि पुन्हा कुणी उकरूनही काढलं नाही. व्हिडिओ म्हणजे तसंच काहीतरी, साखर तोंडात पडायच्या आधीचा तो एक शब्द, असं तिला वाटलं. पारावर बोललेलं पारावरच राहतं, फोनमध्ये बोललेलं राहत नाही, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

ओतूरला घरी येऊन तिनं उजमाला फोन लावला. मायलेकी एरवी दखनीत बोलत, पण काही जिवाला लागलं की दोघी आपसूक मराठीवर येत.

"अम्मी, मी चुकले का?" सगळं ऐकून उजमानं एवढंच विचारलं.

"न्हाई चुकलीस."

"मग कशाची माफी मागू?"

जहाँआरानं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग ती म्हणाली, "तू तिकडं हायस बेटा, मी हितं हाय. मला त्याच दारात जायचंय. सोनलला न्हाई भरल्या बांगड्या, तर उद्या दुसरं घर बंद व्हईल, परवा तिसरं. मी कुणाच्या हाताला हात लावू मग?"

"माझ्याबरोबर उभी होती ना, आयशा, तिचं घर पाडलंय गं तिकडं गावाकडं. तिच्या आईला भांडीसुद्धा बाहेर काढू दिली नाहीत. तिच्यासाठी गेले होते मी."

"अल्ला तिचं भलं करो. पण तू एकदा बोल. दोन दिवसांत समदी इसरतील. तुझ्या अब्बाचं न्हाई का मिटलं व्हतं?"

जहाँआराला स्वतःचीच लाज वाटत होती, पण तिनं शब्द मागं घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ आला. ड्यूटीच्या कपड्यातली उजमा खाली बघत म्हणत होती, "मी हातात धरलेल्या फलकामुळे कुणाचं मन दुखावलं असेल, तर माझं चुकलं. मला माफ करा." जहाँआरानं तो सुभाषला पाठवला. सुभाषनं गावाच्या ग्रुपवर टाकला, वर हात जोडल्याचं चित्रही लावलं.

चुड्याच्या दिवशी ती हिरव्यागार बांगड्या मऊ फडक्यात बांधून पिंपळवंडीला उतरली. स्टँडवरच्या टपरीपाशी एकाच्या मोबाइलमधून उजमाचा आवाज आला. "माझं चुकलं." ऐकणारे हसले. कुणीतरी म्हणालं, "परत लाव राव," आणि त्यानं परत लावला. जहाँआरा पदर डोक्यावर ओढून भराभर पुढं निघाली, पण तो आवाज बराच वेळ मागून येत राहिला.

मांडवाच्या तोंडाशीच सुभाष आडवा आला. त्याचा चेहरा पडला होता.

"भाभी, काय सांगू तुमाला. अवसरीच्या पावण्यांना त्या फोटोचं काहीच ठावं नव्हतं. परवा व्हिडिओ पोचला तिकडं. सोनलच्या सासऱ्यांचा फोन आला, म्हणले, हिचीच आई आमच्या सुनेला चुडा भरणार का? मी तरी काय करू? त्यांनी मंचरवरनं बाई धाडली."

"भरल्या?"

सुभाषनं नुसती मान हलवली. आतून बायकांचं हसणं आलं आणि काचेच्या बांगड्यांची किणकिण. लेकीला नाक घासायला लावलं आणि त्या नाक घासण्यानंच दार बंद झालं.

साळुबाई सुपात तांदूळ आणि नारळ घेऊन आली. तिचे डोळे रडून सुजले होते. "तुमचा मान हाय भाभी, घ्या. सोनल लई रडली ओ."

"न भरताच मान कसा घेऊ, साळुबाई?" जहाँआरा म्हणाली. तिनं सुपातल्या तांदळांना नुसती बोटं लावली. "अल्ला पोरीला सुखी ठेवो. नव्या बांगड्या हायत, आठ दिस हात जपून वापर म्हणावं."

स्टँडवर येऊन ती बाकड्यावर बसते न बसते तोच उजमाचा फोन आला.

"अम्मी, आयशानं बोलणं सोडलं. बाकीच्यांनीही. माझं तोंड बघत नाही कुणी." आवाज कोरडा होता, रडून झाल्यावरचा. "जाऊ दे. तुझं काय झालं ते सांग. भरल्यास ना सोनलला बांगड्या?"

जहाँआरानं मांडीवरच्या गाठोड्याला घट्ट धरलं.

"भरल्या की."

"खरं?"

"तर काय! भरताना एकसुद्धा वाढली न्हाई, कुठं तडासुद्धा गेला न्हाई. हळदीच्या हातावर हिरवा रंग असा खुलला म्हणतीस! मला नमस्कार केला तिनं, वाकून. साळुबाईनं सूपभर तांदूळ दिलं."

"मग बरं झालं," उजमा म्हणाली. "मला वाटलं, उगीच गेलं सगळं."

"उगीच कसं जाईल बेटा?"

"सांग ना अजून. कोण कोण होतं?"

ओतूरची एसटी आली. कंडक्टरनं दोनदा हाक मारली, मग घंटी ओढली आणि गाडी निघून गेली. जहाँआरा सांगतच होती, सोनल कशी लाजली, बायका काय काय म्हणाल्या, मांडवात कुणी कुणी उजमाची आठवण काढली.