खंदकाचा गाळ

पाहणीला सरकारी माणूस येणार म्हणून एनिड बॉरेटने महिनाभर आधीच खंदक उपसून घेतला. इंग्लंडच्या सफोक परगण्यातलं तिचं शेतघर चारी बाजूंनी पाण्याने वेढलेलं होतं. कुणीतरी सातशे वर्षांपूर्वी तो चौकोन खणला होता. जपायच्या जुन्या वास्तूंच्या सरकारी यादीत त्याची नोंद झाली, तरच तिच्या मागे पुतण्या रॉडनी तो बुजवणार नव्हता. बिटाच्या शेतात यंत्र वळवायला त्याला जागा हवी होती.

पाहणीला आलेली मर्सी थर्कल तिशीची होती. ती काठावर उभी राहून नितळ पाण्याकडे बघत राहिली.

"गाळ कुठे गेला?"

"बिटाला घातला. दर तीस वर्षांनी घालतो आम्ही. सासऱ्यांनीही घातला होता. घाणेरडा खंदक दाखवू का तुला, पोरी?"

"बाई, मी गाळच बघायला आले होते."

एनिड हसली. मर्सी हसत नाही हे तिच्या उशिरा लक्षात आलं. गाळात एकावर एक थर बसतात, मर्सीने सांगितलं. त्यांत बिया, परागकण, चामड्याचे तुकडे टिकतात. ते गेले की उरतो पाण्याचा खड्डा, आणि त्याची शिफारस करणं अवघड.

"म्हणजे मीच वाट लावली म्हण की."

"अजून तीन बाजू बघू द्या."

मर्सीने हातानं फिरवायचा लांब गिरमिट काढला. उत्तरेला आणि पूर्वेला तळाची कोरी चिकणमातीच वर आली. पश्चिमेला विलोच्या झाडांच्या मुळांमुळे गाळ उपसायचं यंत्र पोचलं नव्हतं. सासरेही ती बाजू सोडून देत. तिथे गिरमिट दोन मीटर खाली गेला. आधी काळा गाळ आला, मग करडा, आणि शेवटी एक हेझलनटचं टरफल.

"एवढं पुरेल," मर्सी म्हणाली. "पण नोंद झाली की परवानगीशिवाय फावडंसुद्धा लावायचं नाही. कुठल्याच बाजूला. तुम्हीही."

"मग सगळीकडे लव्हाळी माजेल."

"हो."

"लोक म्हणतील, म्हातारी आळशी झाली."

"म्हणतील."

सेहेचाळीस वर्षं एनिड स्वयंपाकघरातून त्या पाण्यातलं आभाळ बघत आली होती. तिने हात एप्रनला पुसले. खरं तर ते कोरडेच होते.

"लिही," ती म्हणाली. "आणि रॉडनीला तूच कळव. माझी पत्रं तो उघडत नाही. सरकारी पाकीट उघडेल."