दोर धरणारा स्केवोस

"ओढ त्याला वर! स्केवोस, बहिरा झालास काय रे?" कॅप्टन मिकेस सुकाणूपाशी उभा राहून ओरडला.

स्केवोसने मान वळवली नाही. त्याच्या हातातल्या दोराच्या दुसऱ्या टोकाला, बावीस वाव खाली, साकेलारिस समुद्राच्या तळावरचे स्पंज कापत होता. दक्षिणेचा वारा अवचित उठला होता. नांगर घसरत होता आणि कालिम्नोस बेटाचे काळे खडक दर लाटेगणिक जवळ येत होते. इंजिन सुरू करावं, तर पाणबुड्याची हवेची नळी पंख्यात अडकणार.

स्केवोसने वर येण्याची खूण म्हणून तीन हिसके दिले. खालून उत्तर आलं. तो भराभर ओढू लागला आणि दहा वावांवर थांबला.

"आता काय झालं?"

"अर्धा तास खाली होता तो. खालच्या दाबातून थेट वर आणला तर पाय लुळे पडतील त्याचे."

"अरे, बोट फुटली तर आपण सगळेच जाऊ!"

"जाऊ की."

तीस वर्षं तो हेच काम करत होता. स्वतः कधी बुडी मारली नाही. पाण्याला भितो म्हणून बंदरावर त्याची थट्टा होई. बंदरावरच्या कॉफीच्या दुकानात पाय फरफटत येणारे वीसेक जुने पाणबुडे बसत. त्यांतल्या एकाचाही दोर कधी स्केवोसच्या हातात नव्हता.

कॅप्टन धावत आला आणि त्याने दोर पकडला. स्केवोसने दोराचे दोन वेढे स्वतःच्या कमरेला घेतले.

"आधी मला टाक पाण्यात. मग ओढ त्याला."

कॅप्टनने शिवी हासडली, पण दोर सोडला. स्केवोस ओठांत आकडे मोजत राहिला. मग पाच वावांपर्यंत ओढला. पुन्हा मोजणी. बोटीचा मागचा भाग खडकावर आदळला, लाकूड कडाडलं, सुकाणू तुटून वाहून गेलं. त्याचा आकडा चुकला नाही.

साकेलारिस वर आला तेव्हा इंजिन धडधडू लागलं. कसंबसं वल्ह्याने वळवत त्यांनी बोट बाहेर काढली.

"पायाची बोटं हलव," स्केवोस म्हणाला.

दहाही हलली. तेव्हा कुठे तो खाली बसला.

त्यानंतर त्याला कुणी बोटीवर घेतलं नाही. "माणूस सोन्यासारखा, पण ऐकत नाही," कॅप्टन लोक म्हणत. तो स्पंजाच्या वखारीत बायकांबरोबर बसून कात्रीने स्पंज कातरू लागला.

ईस्टरनंतर बोटी सहा महिन्यांसाठी निघायच्या आदल्या दिवशी साकेलारिस आला.

"मी नाही जात. दुसऱ्याच्या हातात जीव द्यायचा म्हणजे..."

"खुळा आहेस. पोरांना काय दगड घालणार खायला? दोर कोण धरतोय?"

"नोमिकोस."

"त्याला सांग, मोठ्याने मोज म्हणावं. कॅप्टन ओरडला तर आणखी मोठ्याने."

दुसऱ्या दिवशी चर्चच्या घंटा वाजल्या. वखारीतल्या बायका धक्क्यावर धावल्या. "चल की रे," एकीने हाक मारली. त्याने नकारार्थी मान हलवली आणि कातरत राहिला.

बोटी दिसेनाशा झाल्यावर दारात साकेलारिसची बायको, थेमेलिना, येऊन उभी राहिली. डोळे कोरडे होते. तिने भिंतीवरची एक कात्री काढून घेतली.

स्केवोस सरकला आणि बाकावर तिला जागा करून दिली.