लांबून नमस्कार

डॉक्टरीणबाई स्वतः आमच्या चाळीत आल्या आणि आल्या आल्या पिंपाचं झाकण उघडून बघायला लागल्या. पाणी कुठून भरता, पिंप कधी घासता, पाणी गाळता का? मला वर्षभर खोकला, आणि या बाई पिंपाच्या मागे! मी म्हटलं, बाई, चहा घ्या आधी.

त्यांनी नेमका कान तुटलेला कप उचलला.

"तो नको, तो माझा आहे. मला क्षय आहे ना," मी ओरडलेच.

"नाहीये," डॉ. जयंती म्हणाल्या. "तुमच्या थुंकीतून वाढला तो जंतू क्षयाचा नाही. त्याचा भाऊबंद आहे, पाण्यात-मातीत असतो. म्हणून तर गोळ्या लागू पडल्या नाहीत. हल्ली असे पेशंट जास्त सापडतायत, म्हणून आम्ही घरोघरी जाऊन माहिती घेतोय. औषधं बदलावी लागतील. पण हा एकाचा दुसऱ्याला लागत नाही."

भाऊबंदच तो, छळणारच. बाई मात्र माझ्याच कपातून चहा प्यायल्या. मला रडूच आलं. माझी प्रेमा, चार वर्षांची पोर, तिला लागू नये म्हणून वर्षभर मुलुंडला वन्संकडे ठेवली होती.

"मग पोरीला घरी आणू?"

"आणा की! रिपोर्ट न्यायला आले तेव्हा, गणपतीच्या आधीच, मी तुमच्या मिस्टरांना सांगितलं होतं, तुम्हाला नव्या औषधांसाठी घेऊन यायलाही. बोलले नाहीत?"

गणपतीच्या आधी. म्हणजे दिवाळीच्याही आधी.

दिवाळीत वन्सं प्रेमाला घेऊन आल्या होत्या. पहिल्या आंघोळीचं उटणं मी कालवलं, लावलं वन्संनी. मला राहवेना, मी पुढे झाले, तर ह्यांनी पोरीचा दंड धरला. "लांबून नमस्कार कर आईला." आणि मीच शहाण्यासारखी मागे सरले. वर वाटलं, किती जपतात पोरीला!

संध्याकाळी हे कामावरून आले. मी दारातच विचारलं, "डॉक्टर काय म्हणाल्या होत्या तुम्हाला?"

बूट काढता काढता ते थांबले. "सांगणारच होतो गं."

"कधी? प्रेमाच्या लग्नात?"

"ताईला मूल नाही, तुला माहितेय. पोर तिकडे रमलीय. तिथल्या बालवाडीत नाव घातलंय. तू बरी झालीस की आपल्याला होईल ना दुसरं."

दुसरं! बादली फुटली तर दुसरी आणतात, तसं म्हणाले.

"वर्षभर मी भिंतीकडे तोंड करून जेवले, ती तुमच्या ताईची ओटी भरायला?"

"हळू बोल. चाळ ऐकतेय."

"ऐकू दे! सगळ्या घाटकोपरला ऐकू दे!"

केसाने गळा कापला माझा, तोही माझ्याच माणसाने. तशीच चपला घालून निघाले.

मुलुंडला दार वन्संनी उघडलं. मला बघून त्यांचा चेहराच उतरला. त्यांना सगळं माहीत होतं, हे विचारायची गरजच उरली नाही. त्यांच्या मागून प्रेमा डोकावली. केस कापले होते तिचे, मला न विचारता.

मी उंबऱ्यातच खाली बसले, हात पसरले. "ये बाळा. आता काही होत नाही. ये."

प्रेमा आत्याच्या पदराआड सरकली. भिंतीला पाठ लावून तिने नीट हात जोडले, मान लववली. मग वर बघत म्हणाली, "आत्या, मी लांबूनच केला ना?"