नळ, पातेलं, पाणी, ध्वनी

आमच्या स्वयंपाकघरातला नळ सध्या म्युझियममध्ये आहे. दुसरा मजला, डावीकडची मोठी खोली. सोमवारी बंद असतं. म्हणजे म्युझियम बंद असतं, नळ कुठला बंद व्हायला. तो आमच्याकडे असतानाही कधी झाला नाही.

त्याचा वॉशर गेला होता, बाकी काही नाही. दोन मिनिटांचं काम. मी प्लंबरला बोलावणार होते, तर आमचे हे म्हणाले, "प्लंबर कशाला? मी करतो की." झालं. त्या दिवसापासून नळाचं जे भिजत घोंगडं पडलं ते पडलंच. मी नळाखाली ॲल्युमिनियमचं पातेलं ठेवलं. ते भरलं की पाणी कुंड्यांना घालायचं आणि पुन्हा ठेवायचं. आणि रोज सकाळी चहा टाकताना आतून विचारायचं, "अहो, त्या नळाचं काय?" बाहेरच्या खोलीतून ह्यांचं उत्तर ठरलेलं. "उद्या बघतो."

हे चित्रकार होते. नावाजलेले, असं लोक म्हणतात, आणि लोक खोटं कशाला बोलतील. ह्यांच्या चित्रांत काय असायचं ते मला विचारू नका. मी एकदा ह्यांना विचारलं होतं. हे म्हणाले, "तुला काय दिसतं?" मी म्हटलं, करडा रंग. हे म्हणाले, "बरोबर." त्यानंतर चित्रांवरून आमचा कधी वाद झाला नाही. वाद फक्त नळावरून.

मी स्वतः पोस्टात होते, काउंटरवर. काचेच्या मागून लोकांना "पुढच्या खिडकीवर जा" असं सांगण्यात नोकरी गेली, त्यामुळे माझा आवाज कायमचा चढलेला आहे. घरात बोलले तरी जिन्यात ऐकू जातं. हे पुढे कामाला येणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

शेवटच्या वर्षी ह्यांचे हात कापायला लागले. ब्रश धरवेना. हळूहळू बोलणंही आटलं. लेक फोन करायची, तर हे "हं" म्हणून फोन माझ्याकडे द्यायचे. डॉक्टरांनी काही विचारलं तर नुसती मान हलवायचे. पण नळाचं विचारलं की उत्तर यायचंच. कधी लगेच, कधी चहा उकळून जाईपर्यंत नाही, पण यायचं. खरं सांगायचं तर वॉशर बदलायला मला येत होतं. माझ्या वडिलांचं हार्डवेअरचं दुकान होतं, पाने आणि वॉशर ह्यांच्यातच मी लहानाची मोठी झाले. पण मी तो बदलला असता, तर सकाळी उठून ह्यांना विचारलं काय असतं?

त्या सुमारास म्युझियमची क्युरेटर घरी आली. क्युरेटर म्हणजे कुठलं चित्र कुठे टांगायचं आणि त्याच्या शेजारी काय लिहायचं हे ठरवणारी. मुलगी हुशार, लाघवी, आल्या आल्या मला काकू म्हणाली. ह्यांचं मोठं प्रदर्शन भरवायचं घाटत होतं. तिने फोनवर रेकॉर्डिंग लावलं, फोन ह्यांच्या खुर्चीच्या हातावर ठेवला आणि विचारलं, "सर, अलीकडचं काम?"

ह्यांनी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. हिच्या चहाचं बघ, असं बहुधा मला सुचवायचं असेल. ती मात्र उठून आत आली आणि नळापुढे उभी राहिली. थेंब पातेल्यात पडत होता. ती बघत राहिली. मला वाटलं तहान लागली असेल, म्हणून पेलाभर पाणी दिलं. तिने ते हातात धरलं, प्यायली नाही, तशीच बाहेर गेली आणि अगदी हळू आवाजात ह्यांना म्हणाली, "सर, शीर्षक?"

नेमकं तेव्हाच पातेलं भरून वाहायला लागलं. मी आतून विचारलं, "अहो, त्या नळाचं काय?"

"उद्या बघतो," हे म्हणाले.

बाहेर पेला खाली ठेवल्याचा आवाज आला. मग क्युरेटर म्हणाली, "वा."

ते 'वा' मला भिंतीपलीकडून ऐकू आलं. ती गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, अहो, त्या पोरीचा काहीतरी गैरसमज झालाय, तेवढा दुरुस्त करा. पण दुरुस्ती हा ह्यांचा प्रांतच नव्हता. हे नुसते हसले. बऱ्याच दिवसांनी हसले, म्हणून मीही विषय वाढवला नाही.

मग हे गेले. झोपेतच गेले. त्याबद्दल मला फार बोलता येत नाही.

पुढे म्युझियमची माणसं आली. पांढरे हातमोजे घालून त्यांनी नळ काढला. आमच्या घरात त्या नळाला इतक्या मायेने कोणी हात लावला नव्हता. पातेलंही कापडात गुंडाळून नेलं. बदल्यात नवा नळ बसवून दिला, चकचकीत, अर्धा फेरा फिरवला की गप्प. ती माणसं गेली आणि घर खायला उठलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा टाकला, तोंड उघडलं, आणि विचारायला काही उरलंच नव्हतं.

प्रदर्शनाच्या आधी क्युरेटर पुन्हा आली. नळाशेजारी लावायच्या पाटीचा मजकूर मला वाचून दाखवायचा होता तिला. बिचारी कौतुकाने आली होती. पाटी अशी होती:

'उद्या बघतो. माध्यम: पितळी नळ, ॲल्युमिनियमचं पातेलं, पाणी, ध्वनी. आयुष्याच्या अखेरच्या, एकाकी पर्वात कलावंताने अवकाशाला उद्देशून केलेलं विधान. इथे "उद्या" हे क्रियाविशेषण नसून कर्म आहे. कलावंत उद्याला बघतो आहे.'

मी तिला पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, "एकाकी कोण?"

"सर."

"आणि मी कुठे होते?"

"काकू, एकाकी म्हणजे आतून."

"मीसुद्धा आतूनच बोलले होते," मी म्हटलं. "स्वयंपाकघरातून. आणि हे काही अवकाशाला वगैरे म्हणाले नाहीत. मला म्हणाले. मी विचारलं म्हणून म्हणाले. तेवढा प्रश्न पाटीवर घाल. 'अहो, त्या नळाचं काय?' एवढीच ओळ. बाकी तुझं कर्म तुझ्यापाशी."

तिने मान तिरकी केली. "प्रश्न दिला की अर्थ बंद होतो, काकू. काम खुलं राहायला हवं."

"नळ खुलाच आहे की."

"तेच ना," ती म्हणाली. बोलणं तिच्या डोक्यावरून गेलं.

"बरं, ते पाटीचं राहू दे. तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये माझा आवाज आहे. तो लोकांना ऐकव, म्हणजे झालं."

"होता," ती म्हणाली. "तो आम्ही काढला. सरांचा आवाज स्पष्ट ऐकू यावा म्हणून मागचा गोंगाट साफ केला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पातेल्याचं नाव पाटीवर आलं, पाण्याचं आलं, आणि मी गोंगाट. उभा जन्म ह्या माणसाबरोबर काढला. ह्यांचं म्हणून जे एक वाक्य आता भिंतीवर लागणार होतं ते मला दिलेलं उत्तर होतं, आणि तेही अवकाशाच्या नावावर चढलं. मला काही मंचावर बसायचं नव्हतं की शाल पांघरून घ्यायची नव्हती. हे कोणाला बोलले तेवढं लोकांना कळावं, बस्स. पण क्युरेटर म्हणाली, बघते, विचारते, समितीपुढे ठेवते. ह्या असल्या उत्तरांचा मला चांगला अनुभव होता.

मी लेकीला फोन केला. "आई, जाऊ दे ना," ती म्हणाली. "बाबांचं कौतुकच चाललंय."

"ते भलत्याच माणसाचं चाललंय. उद्याला बघणारा माणूस वेगळा असतो. तुझा बाप उद्यावर ढकलणारा होता."

ती हसली. मला हसू आलं नाही.

उद्घाटनाला मी गेले. न जाऊन सांगते कोणाला. पांढऱ्या भिंतीत आमचा नळ बसवला होता, त्याच्यावर दिवा सोडला होता, पातेलं चौथऱ्यावर, भोवती दोरी. नळ नीट गळतोय की नाही हे बघायला त्यांनी एक प्लंबर नेमला होता. तोही तिथे धुतलेले कपडे घालून उभा होता. मला म्हणाला, "बाई, इतकी वर्षं धंद्यात आहे, पण गळती टिकवायचं काम पहिल्यांदाच मिळालं." मी म्हटलं, आमच्याकडे ते फुकट व्हायचं.

एक टीकाकार बोलायला उभे राहिले. काळ, प्रतीक्षा, भविष्याचा वेध असं बरंच काही चाललं होतं. ते कर्मावर आले आणि वरच्या स्पीकरमधून आवाज आला, "उद्या बघतो."

हे गेल्यापासून मी हा आवाज ऐकला नव्हता. मी दोरीचा खांब धरला. पहारेकऱ्याने हात लावू नका म्हणून खूण केली, तरी धरला. टीकाकार बोलत होते. थेंब पडत होता. थोड्या वेळाने पुन्हा, "उद्या बघतो." तेच रेकॉर्डिंग फिरून फिरून लागत होतं. माझ्या लक्षात आलं की उत्तराच्या आधी जागा आहे. माझा आवाज कापला तिथे त्यांनी शांतता सोडली होती, अगदी माझ्या मापाची. मग कसं झालं कोण जाणे, त्या शांततेत माझ्या तोंडून गेलंच.

"अहो, त्या नळाचं काय?"

पोस्टातला आवाज तो. टीकाकार थांबले. सगळी खोली माझ्याकडे वळली. एक थेंब पडला.

"उद्या बघतो," हे म्हणाले.

मला रडूच कोसळलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मला उत्तर मिळालं होतं. माझ्या शेजारी एक जोडपं उभं होतं. त्यातली बायको नवऱ्याला म्हणाली, "ऐकलंत?" नवरा स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं, मग आणखी कोणी, मग सगळेच. मीही रडता रडता हसले. टीकाकारांनी चष्मा पुसला, हातातला एक कागद मागे सारला आणि आभार मानून खाली बसले.

क्युरेटर माझ्याकडे यायला लागली. मला वाटलं, आता ही मला बाहेरचा रस्ता दाखवणार.

"काकू," ती म्हणाली, "हे तुम्ही पुन्हा कराल? हा हस्तक्षेप?"

"हस्तक्षेप नाही गं," मी म्हटलं. "संसार आहे."

तिने तेही टिपून घेतलं. काही दिवसांनी पाटी बदलली. 'एकाकी' गेलं. 'अवकाशाला'च्या जागी 'पत्नीला' आलं. कर्म तिने तसंच ठेवलं. म्हटलं राहू दे, पोरीचा जीव आहे त्याच्यात. आणि वर माध्यमाच्या ओळीत लिहिलं: पितळी नळ, ॲल्युमिनियमचं पातेलं, पाणी, ध्वनी, पत्नी. पाण्याच्या मागे, ध्वनीच्याही मागे, पण आहे. लेकीला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, आई, तू पितळेच्या ओळीत बसलीस. मी म्हटलं, गोंगाटापेक्षा बरं.

तेव्हापासून मी दर मंगळवारी जाते. तिकीट घ्यावं लागत नाही, कारण मी कामाचाच भाग आहे. मी विचारते, हे उत्तर देतात, मी घरी येते. कधी गर्दी असते, कधी कोणी नसतं. मला त्याने फरक पडत नाही. मंगळवारचा चहा मी तिथून आल्यावरच टाकते, आणि तो एकटीलाही बरा लागतो.

मागच्या मंगळवारी नेहमीसारखी गेले. दोरीपाशी उभी राहिले आणि विचारलं, "अहो, त्या नळाचं काय?"

थेंब पडला. आणखी एक पडला. उत्तर आलं नाही. आम्हाला उशिराची सवय आहे, म्हणून मी थांबले. मग पुन्हा विचारलं. काही नाही. हे दुसऱ्यांदा गेले असं वाटलं मला, आणि ह्या वेळी मी जागी होते.

क्युरेटर धापा टाकत आली. "सॉरी काकू, स्पीकर सकाळपासून बंद पडलाय. मी दुरुस्तीवाल्याला लगेच फोन केला होता."

"मग? काय म्हणाला?"

ती सांगायला गेली आणि मध्येच अडकली. तिने नळाकडे बघितलं, पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. इतक्या महिन्यांत ते वाक्य तिला पहिल्यांदाच नीट ऐकू आलं असावं.

"उद्या बघतो म्हणाला," ती म्हणाली. आणि मग स्वतःशीच, "क्रियाविशेषण आहे ते."

"हो गं," मी म्हटलं.

मी बाकावर बसले आणि तिलाही हाताला धरून शेजारी बसवलं. पातेलं काठोकाठ आलं होतं. तिला आता काय करायचं ते कळेना, तिचे डोळे भरून आले होते आणि माझेही.

"चालेल," मी म्हटलं. "आपण थांबू. मला सवय आहे."