खोटा माग

पर्यटक पाहुण्यांना हत्ती दाखवायचे हिस्कियाला पैसे मिळत, आणि ते तो इमानाने कमवायचा. सकाळी पाहुण्यांचा ट्रक थांबला की तो वाळवंटातल्या हुआब नदीच्या कोरड्या पात्रात एकटा पुढे चालत जायचा, वाळू बघायचा आणि हत्ती कुठल्या वळणावर असतील ते सांगायचा. पन्नाशी उलटली तरी त्याचं सांगणं कधी फोल गेलं नव्हतं. गाढवं चोरीला गेली की पोलीससुद्धा त्यालाच बोलवायचे.

त्या दिवशी हत्तींच्या आधी गिधाडं दिसली. मोपानेच्या झाडाखाली ओरिक्स या थोराड हरणाचं मुंडकं पडलेलं, लांब सरळ शिंगांसकट, शेजारी आतडी, आणि बुंध्याला तारेचा फास. मांस कुणीतरी नेलं होतं. सलग तिसरं वर्ष पावसाविना चाललेल्या त्या मुलखात याचं नवल वाटायचं काही कारण नव्हतं. पाहुण्यांना मात्र वाटलं. पांढऱ्या टोपीवाली एक बाई तर रडायलाच लागली. आदल्या दिवशी जेवणात ओरिक्सचंच भाजलेलं मांस होतं, ते तिने दोनदा वाढून घेतलं होतं. पण त्या ओरिक्सला सरकारी परवाना होता. तिने हट्टच धरला, तेव्हा ट्रकचा ड्रायव्हर डर्क याने कपाळाला आठ्या घालत रेंजरला फोन लावला.

रेंजर यायला दीड तास लागला. हिस्कियाला जमीन वाचायला दोन मिनिटंही लागली नव्हती. एक गाढव आणि एक बाई. टायरच्या चपला, उजवा पाय ओढत टाकलेला. त्या चपला त्यानेच कापून दिल्या होत्या. ओटिली, त्याची धाकटी बहीण. नवरा गेलेला, बकऱ्या एकूण एक मेलेल्या, घरात तीन नातवंडं. ती सापडली तर दोन-तीन वर्षं आत जाणार, आणि त्या पोरांना घास भरवायला दुसरं कुणी नव्हतं.

रेंजर उत्तरेकडचा, तरुण, अदबीने बोलणारा. त्याने विचारलं, "बाबा, कुठे गेले हो हे?"

"दोन पुरुष आहेत," हिस्किया म्हणाला. "त्या माळावर गेलेत." तो ओटिलीच्या पावलांच्या ठशांवरच उभा होता. बाकीचे ठसे पाहुण्यांनी फोटो काढताना तुडवून टाकले होते, देव त्यांचं भलं करो.

तो माळ नुसत्या दगडांचा. तिथून हत्ती गेला तरी खूण उरत नाही. अर्धा तास चालायचं, मग मान हलवून माग हरवला म्हणायचं आणि सगळ्यांना परत आणायचं, असं त्याने ठरवलं होतं. तो वाकायचा, दगड उलटून बघायचा, हुंकार भरायचा. मागे आपल्या गाडीतून रेंजर, त्याच्यामागे ट्रक, ट्रकच्या खिडक्यांत कॅमेरे. जन्मात जमिनीबद्दल खोटं बोलला नव्हता बिचारा, म्हणून सगळं ध्यान त्या सोंगातच गुंतलं. बकऱ्यांच्या ताज्या लेंड्या त्याच्या पायाखालून गेल्या. त्या भागातल्या सात वर्षांच्या पोरालाही त्या दिसल्या असत्या.

चढ ओलांडला आणि समोर एरास्टुसचं पत्र्याचं घर आलं. एरास्टुस हिवाळ्यातच बकऱ्या घेऊन डोंगराकडे गेला होता, घर रिकामं असणार असं हिस्किया धरून चालला होता. पण तो परत आला होता. दारातल्या तारेवर मांसाच्या पट्ट्या वाळत होत्या. तसं मांस त्या खोऱ्यात कुणाच्या घरी नव्हतं? फक्त बाकीच्यांनी ते आत टांगलं होतं. एरास्टुसच्या घराकडे कधी कुणी फिरकत नसे, म्हणून तो बेफिकीर.

"मानलं बाबा तुम्हाला," रेंजर म्हणाला. ट्रकमधून टाळ्या पडल्या.

एरास्टुसने काही लपवलं नाही. मांस लहान हरणाचं आहे, परवा मारलं, एकट्याने मारलं, ओरिक्सला आपण हातही लावलेला नाही, असं त्याने सांगितलं. रेंजर म्हणाला, ते खोरिक्सासला ठाण्यावर कळेलच, आधी जोडीदाराचं नाव सांग. माग दोघांचा आहे.

एरास्टुसने हिस्कियाच्या मागच्या जमिनीकडे पाहिलं. तिथे दोघांचा काय, एकाचाही माग नव्हता. दोघांनी लहानपणी एकत्र बकऱ्या राखल्या होत्या, माग काढायला ते एकाच म्हाताऱ्याकडून शिकले होते.

हिस्कियाने तोंड उघडायचा अवकाश, एरास्टुसवरचा अर्धा गुन्हा उतरला असता. "चुकलो मी," एवढे दोन शब्द. पण मग रेंजर पुन्हा त्या झाडापाशी गेला असता. हिस्किया आपल्या चपलांकडे बघत राहिला. त्याला स्वतःची किळस आली.

बेड्या घालून घेताना एरास्टुस त्यांच्या बोलीत बोलला. रेंजरला ती येत नव्हती.

"ओटिलीला सांग, माझ्या बकऱ्या तिने घेऊन जाव्यात. आज पाणी पाजायचं राहिलंय."

"काय म्हणतोय तो?" रेंजरने विचारलं.

"बकऱ्यांचं सांगतोय," हिस्किया म्हणाला.

रेंजरची गाडी गेली. डर्कने हॉर्न वाजवला. पाहुण्यांचे हत्ती अजून बघायचे राहिले होते.